गप्प खुर्ची

तीर्थस्वरूप आत्या,

साष्टांग नमस्कार. (दिवसभर उभं राहून कंबर धरलीय, तेव्हा तो कागदावरच मान्य करून घे.) डोळ्याचं ऑपरेशन नीट झालं ना? भेटायला येणाऱ्यांनी डोकं उठतं म्हणालीस, म्हणून मायेपोटीच आलो नाही.

केस कापणाऱ्याचे हात कमी आणि तोंड जास्त दमतं, हे घरात फक्त तुला कळलं. (बाबा म्हणतात, बोलायला कसली ताकद लागते? त्यांना लागत नाही, हे खरं.) तू सांगितलंस तसं गिऱ्हाईक गेलं की सलूनच्या मागच्या खोलीत टॉवेलच्या घड्या घालत गप्प बसू लागलो. डबाही तिथेच, एकट्याने. इतकं बरं वाटायला लागलं की एका संध्याकाळी आईशी आपणहून बोललो. ती घाबरली.

घोटाळा पुढे झाला. मी डोळे मिटून बसलेला असताना मालकीणबाई शॅम्पू न्यायला आत आल्या आणि त्यांनी ठरवून टाकलं, याचं लग्न मोडलं. (ठरलं कधी होतं?) मग धीर द्यायला रांगच लागली. केस रंगवणारी ताई स्वतःचीच कहाणी सांगून रडून गेली, शेजारचा चष्मेवाला तर खुर्ची घेऊनच आला. साठवलेली सगळी ताकद सांत्वन करून घेण्यात गेली. शेवटी मालकीणबाई म्हणाल्या, "महिनाभर घरी राहा. गिऱ्हाइकासमोर रडलास तर?"

घरी राहायचं म्हणजे बाबांसमोर. तेव्हा मात्र तोंड उघडलं. "बाई, मला दुःख नाही हो. मला फक्त अधूनमधून गप्प बसायचं असतं."

त्या शॅम्पूच्या खोक्यावर टेकल्या आणि म्हणाल्या, "मलाही." आम्ही बराच वेळ तसेच बसलो. कामावर इतक्या छान गप्पा कधी झाल्या नव्हत्या.

आता खिडकीजवळची खुर्ची न बोलणाऱ्यांची, आणि तिथे मी. आगाऊ नंबर लागतात. शाळेतून थेट येणाऱ्या एक बाई डोळे मिटतात ते मानेवरचे केस झटकेपर्यंत उघडत नाहीत.

आत्या, लहानपणी घर पाहुण्यांनी भरलं की तू मला "कपडे वाळले का बघून ये" म्हणून गच्चीवर पाठवायचीस. दोरीवर कपडे नसायचेच. मला वाटायचं, तू विसरतेस. आता कळतं. तेव्हापासूनचे आभार आज एकदम मानतो.

तुझा भाचा,
घुम्या

ता. क. रविवारी आईने सगळा गोतावळा जेवायला बोलावलाय. निमित्त विचारलं तर म्हणाली, सहज. तू शनिवारपासून जरा आजारी पडशील का? तुझ्या सेवेला कुणीतरी यायलाच हवं.

पुन्हा ता. क. आजार लागण होणारा निवड. नाहीतर सगळे तिकडेच जेवायला येतील.