उलट्या मीटरच्या रेडिओची व्यवस्था

मी, खाली सही करणारा, वय बहात्तर, रेडिओ दुरुस्तीच्या धंद्यातून निवृत्त, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत, कोणाच्याही दडपणाशिवाय लिहीत आहे. डॉक्टरांनी तसा दाखला दिला आहे. धाकट्या भावाचे मत वेगळे असू शकते.

१. राहते घर व बँकेतील शिल्लक पत्नीला.

२. सोल्डरिंग आयर्न व सर्व हत्यारे धाकट्याला. चांगली पक्कड त्यानेच नेलेली आहे.

३. मी घरी बनवलेला व्हॉल्व्हचा रेडिओ पत्नीला. याबाबत खुलासा आवश्यक आहे. पत्नीला अकरा वर्षांपासून ऐकू येत नाही. तरी स्टेशन लावायचे काम तिचेच, म्हणून मी सिग्नलची ताकद दाखवणारा मीटर जोडला. माझ्या जोडणीत स्टेशन जोरात लागले की करंट कमी होतो व काटा डावीकडे पडतो. तिला तो उजवीकडे जायला हवा होता. मी मीटर डोके खाली करून बसवला.

"दादा, मीटर शीर्षासन करतोय. लोक हसतील," धाकटा म्हणाला.

मी इस्पितळात असताना त्याने मला न विचारता तो सुलटा केला. पत्नीने सवयीने काटा पार उजवीकडे नेला, म्हणजे जिथे एकही स्टेशन नाही तिथे, आणि आवाजाची थरथर हाताला लागते म्हणून तीन दिवस रेडिओच्या पेटीवर हात ठेवून बसली. अखेर शेजारच्या शिंप्यांनी तिच्याशी बोलायच्या पाटीवर लिहिले, "वहिनी, नुसती खरखर चालू आहे." पुढे चार महिने तिने बटणाला हात लावला नाही. मी मीटर पुन्हा उलटा केला आणि धाकट्याशी बोलणे सोडले.

४. पत्नीच्या हयातीत मीटर कोणीही सुलटा करू नये.

५. वरील मजकूर पत्नीला वाचायला दिला. तिने विचारले, "तुम्ही गेल्यावर स्टेशन लागलं की नाही, मला कोण सांगणार?"

"काटा," मी पाटीवर लिहिले.

"काट्यावर विसंबून एकदा बघितलंय. भाऊजींना बोलवा."

"मी त्याच्याशी बोलत नाही."

"तेव्हा तुम्ही असणार आहात का बोलायला?"

सबब, तिच्या सांगण्यावरून हे कलम वाढवले आहे. धाकट्याने दर रविवारी सकाळी येऊन माझ्या खुर्चीत बसावे. ती स्टेशन लावील. लागले तर मान हलवावी. नाही लागले तर उगाच तिचे मन राखायला म्हणून हलवू नये.

हे लिहिलेले मला मान्य आहे.

मृत्युपत्र करणार : (सही)
साक्षीदार : १. शेजारचे शिंपी (सही) २. डॉक्टरीणबाई (सही)
ठिकाण : राहते घर, मागची खोली
दिनांक : ९ ऑगस्ट २०११