माहीत नसेल तर 'हो' म्हणा

सोमवार, ३ तारीख
नव्या नोकरीचा पहिला दिवस, आणि चक्क बरा गेला. पाणीपुरवठ्याच्या पंपघरातला संगणक सांभाळायचा. खिडकी मोठी, खुर्ची न डुगडुगणारी. पन्नाशीत माणसाला आणखी काय हवं? गेटवरच्या मामांनी चहा पाजला आणि त्या बदल्यात माझ्या टकलावर दोन विनोद करून घेतले. सकाळी ताईने डबा हातात देताना सांगितलं, "या वेळी टिकून राहा रे." आई गेल्यापासून आम्ही दोघंच, आणि माझ्या प्रत्येक सुटलेल्या नोकरीचा ताप तिलाच. या वेळी टिकणार.

मंगळवार, ४
पंप चालवणारं मशीन तीन आठवडे सुरूच होत नाहीये. लिनक्स आहे, पण त्याचा कर्नल, म्हणजे मशीन चालू करताच आधी उठणारा गाभा, जुन्या ऑपरेटरने स्वतःच्या हाताने बांधलाय. तो ज्या चिपवर बसतो तिच्यावर जागा टीचभर. त्यामुळे याने नको ते काढता काढता डिस्क ओळखणारा भागच काढून टाकला. धन्य आहे! वर कपाटावर चिठ्ठी डकवून गेलाय: 'सुरू होत नाही, तेच बरं.' साहेबांच्या मते माणूस कामचुकार होता. मलाही पटलं.

बुधवार, ५
डिस्कचा भाग घातला, तर कर्नल चिपवर मावेना. काय काढता येईल म्हणून कर्नलची यादी वाचली, हजारो ओळी, प्रत्येक भागाला एक आणि पुढे 'हो' किंवा 'नाही'; डोळे शिणले, पाठ मोडून आली. अगदी तळाला नाव नसलेल्या तीन ओळी निघाल्या. माहिती एवढीच: 'माहीत नसेल तर हो म्हणा.' पण आम्हा संगणकवाल्यांची खोड अशी, की जे कळत नाही ते आधी बंद करून बघायचं. पहिलीला 'नाही' दिलं. मावलं. मशीन थोडं पुढे गेलं आणि अडकलं. आता डिस्क दिसते, पण तिच्यावरच्या फाइली वाचता येत नाहीत. म्हणजे आणखी एक भाग हवा, आणि त्याला आणखी जागा. उद्या बघू. कंटाळा आलाय.

गुरुवार, ६
दुसऱ्या ओळीलाही 'नाही' दिलं, फाइलींचा भाग घातला. दुपारी मशीन पूर्ण सुरू झालं. पंप घुमले. साहेबांनी पाठ थोपटली.
निघताना गेटवर मामा नव्हते. त्यांची खुर्चीही नव्हती. परत जाऊन साहेबांना विचारलं. त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं.
"कोण मामा?"
घरी आलो. कुलूप होतं. आत एकच खाट, एकच ताट. शेजारीण म्हणाली, तुम्ही पहिल्यापासून एकटेच राहता ना.

शुक्रवार, ७
झोप नाही. डबा नाही.
यादी पुन्हा उघडली. त्या ओळींखाली आता मजकूर आहे. पहिली: 'गेटवर बसणारे.' दुसरी: 'डबा भरणारी.'
दोन्ही ओळींना परत 'हो' दिलं, त्यासाठी डिस्कचा आणि फाइलींचा, दोन्ही भाग काढले. मशीन सुरू झालं नाही. कोणी परत आलं नाही. मशीन पूर्ण उठल्याशिवाय यादी लागू होत नाही. त्या माणसाने म्हणूनच ते बंद ठेवलं होतं. कामचुकार म्हणालो मी त्याला.

शनिवार, ८
यादीतलं बाकी सगळं काढून पाहिलं. दोन्ही भाग हवेतच. उरते जागा एका ओळीची—
आणि तिथे तिसरी बसली आहे. तिचा मजकूर आज आला. 'ही रोजनिशी लिहिणारा.'

रविवार, ९
ताईला 'हो'. तिसरीला 'नाही'.
मामांना जागा नाही. मामा, माफ करा—
फार थकलोय. भीती वाटते. तरी बोट कळीवर आहे.
दाबलं. ओळी सरकताहेत. डिस्क दिसली. फाइली—
उद्या ताई उठेल, सवयीने डबा काढेल, आणि तो कुणासाठी काढला हे तिला आठव—