काजळीची जीभ

मंगळवार, संध्याकाळ

जीभ दाखवायला नको होती.

दुपारी एक अनोळखी माणूस फाटकाशी थांबला. आमच्या सातही कडकनाथ कोंबड्या दाण्याच्या आशेनं त्याच्याकडे धावल्या. काजळी तर सरळ त्याच्या हातावर चढली.

"ताई, हिची जीभबी काळी हाये का?"

मी कौतुकानं चोच उघडून दाखवली. का दाखवली?

"परवा अमावस्या हाये. पूजेले अशीच पाहिजे."

"विकायची नाही," मी म्हटलं.

"विकत कोण मागून राहिलं?" तो हसला आणि गेला.

हे हिंगण्याहून शिफ्ट संपवून आले, तेव्हा सगळं सांगितलं. "जीभ दाखवली काहून वं?" एवढंच बोलले आणि फाटकाला कुलूप लावून आले. भिंत कमरेएवढी, कुलूप काय करणार?

पिल्लू होती तेव्हापासून काजळीला मांडीवर वाढवलं. माणसाला भ्यायचं असतं हे तिला ठाऊकच नाही. म्हणून आज तिला भीती शिकवायला गेले. टाळ्या वाजवल्या, ओरडले, शेवटी चप्पल फेकली. ती लागली. काजळी फडफडत टाकीमागे पळाली.

मी तिथेच पायरीवर रडत बसले. थोड्या वेळानं ती लंगडत आली, मांडीवर चढली आणि डोळे मिटून घेतले.