गयाबाईची रजा

भिलाई,
ता. ९ मार्च १९६१

प्रिय शेवंता,

तुझं पत्र मिळून आठ दिवस झाले. उत्तर लिहायला बसायचो आणि उठायचो. तुला वाटत असेल, मॅनेजर झाल्यापासून नवरा शेफारला. तसं नाही गं.

इंजिनिअर लोकांच्या होस्टेलची मेस मी चालवतो, हे तू तुमसरला अख्ख्या गल्लीत सांगितलंस. मलाही अभिमान होता. गावात ज्यांनी आपल्याला वरून ओंजळीत पाणी घातलं, त्यांच्याच बरोबरीची माणसं इथं मला विचारून जेवायला बसतात. पण एक गोष्ट तुला कधी कळवली नाही. सात महिन्यांत मला एक रविवार मिळाला नाही. पोळी कडक झाली की साहेब ठेकेदाराला बोलतात, ठेकेदार मला, आणि मी स्वयंपाकिणींना. दोनशे माणसं जेवली की कोठीघरात उभ्यानंच दोन घास गिळतो. बोलणं किती तुसडं झालंय, ते माझं मलाच कळलं नाही.

गयाबाई म्हणून एक बाई भात रांधायची. राजनांदगावकडची, चाळिशीची, विधवा. मागल्या बुधवारी सकाळी ती दाराशी येऊन म्हणाली, "साहेब, आंग तापून राहिलं. आज मले जाऊ द्या." त्या दिवशी दिल्लीचे पाहुणे जेवायला होते. मी मान वर न करता म्हटलं, "आज नाही. उद्या जा." खरं सांगू? मलाच सुट्टी नाही, तर हिला कुठून देऊ, असंच तेव्हा मनात आलं.

अकराच्या सुमारास भाताचा हंडा उतरवताना तिला भोवळ आली. उकळती पेज दोन्ही हातांवर आणि मांडीवर सांडली. तिचं ओरडणं ऐकून मी धावलो. तिला दवाखान्यात पोचवून परत आलो, तर पाहुणे जेवत होते.

ठेकेदारानं कागद पुढं केला. "लिहा, बाईचं लक्ष नव्हतं." तसं लिहिलं की ती आपोआप कामावरून जाणार आणि त्याच्यावर काही येणार नाही. शेवंता, मी लिहिलं. सहीसुद्धा केली.

दुसऱ्या दिवशी तिला पाहायला गेलो. हात खांद्यापर्यंत बांधलेले. मी काही बोलायच्या आत तीच म्हणाली, "तुमचा काय दोष साहेब? तुमालेबी वरून हुकूम असते." तिनं शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. तीन दिवस मला अन्न गेलं नाही.

सोमवारी मी होस्टेलच्या मोठ्या साहेबांकडे गेलो आणि दुसरा कागद दिला. तिनं रजा मागितली होती, मी नाकारली, आणि पहिला कागद खोटा आहे, एवढंच लिहिलं. संध्याकाळच्या आत ठेकेदारानं मला काढलं. खोलीही सोडायला लावली. आता पावर हाउस नावाच्या वस्तीत गयाबाईच्या भावाकडे ओसरीवर राहतो. मोठ्या साहेबांनी चौकशी लावली आहे, तीत माझी साक्ष व्हायची आहे, तोवर इथून हलणार नाही.

म्हणून हे पत्र. येत्या सोमवारी तू सामान घेऊन इकडे राहायला निघणार होतीस, ती निघू नकोस. तुझे मामंजी विचारतील, शेजारीही विचारतील. माझी लाज राखायला 'नोकरी सोडली' असं सांगू नकोस. मला काढलं, असंच सांग. आणि का काढलं ते सांगताना, आधी मी काय लिहून दिलं होतं, तेही सांग.

तुझाच,
हिरालाल