मावशीकडे, सीनिक रूटने

शुक्रवार, ९ तारीख, संध्या. ७
उद्या आईला मावशीकडे नेणार. अकरा वर्षांत दोघी बहिणी भेटलेल्या नाहीत. हायवेने चार तास, पण हायवेने कोणीही जातं. मी टेकड्यांमधला, तळ्याकाठचा रस्ता शोधलाय. पाच तास. मधे एकही थांबा नाही. बावीस वर्षं ऑफिसात डिस्पॅच सांभाळतोय, रूट आखणं माझ्याकडून शिकावं. दुपारी एकला मावशीकडे जेवायला. बायको म्हणाली, रस्ता कोणाला तरी विचारा. हिचा माझ्यावर विश्वासच नाही.

शनिवार, सकाळी ८
सातला निघायचं होतं. आठला निघतोय. म्हणजे जवळजवळ सातलाच.

९.४०
आईला सूर्यफुलांचं शेत दिसलं. "थांबव रे!" पाच मिनिटं म्हणून उतरली. शेताच्या मालकिणीशी पाऊण तास गप्पा. तिच्या सुनेच्या बाळंतपणापर्यंत सगळं ऐकून, मांडीवर भला मोठा भोपळा घेऊन परतली. हरकत नाही. पुढे वेळ भरून काढतो.

११.४५
मेंढ्या. रस्ताभर. हॉर्न दिला. मेंढ्यांना हॉर्न आवडत असावा, आणखी जवळ आल्या. एकीने आरसा चाटला. बायको इतकी हसली की उचकी लागली. मी गंभीर राहिलो. मग तिने खिडकीतून आत तोंड घातलं (मेंढीने), तेव्हा मीही हसलो. पण थोडंच.

दु. २.२०
मी चुकलेलो नाही. रस्ता चुकला आहे. तळं डाव्या हाताला हवं होतं, ते समोर आहे आणि रस्ता सरळ त्यात उतरतो. आई आणि बायको पाण्यात पाय सोडून बसल्यात, एकमेकींवर पाणी उडवतायत. दोघींचं वय मिळून एकशे एकवीस. मावशीला फोन केला : आम्ही तळ्यात आहोत, काळजी करू नकोस, उद्या येतो. "अगं बाई!" म्हणाली, एवढ्यात रेंज गेली. समजूतदार आहे मावशी.

५.०५
गाडी वळवताना चाक चिखलात रुतलं. ट्रॅक्टरवाल्याने ओढून काढली. मी मार्गदर्शन केलं. तो म्हणाला, "काका, जरा बाजूला उभे राहता का?" नम्र माणूस. मुक्काम त्याच्याच घरी. आई म्हणते, जन्मात अशी भटकले नव्हते. प्लॅनिंग म्हणतात ते हेच.

रविवार, दु. १२.३०
पोहोचलो! एकच्या आत!
दाराला कुलूप.
शेजारीण म्हणाली, तुमचा फोन आल्यापासून मावशींच्या जिवाला घोर लागला होता. सकाळच्या पहिल्या बसने तुमच्याकडे गेल्या. चार तासांत पोहोचल्यासुद्धा, आत्ताच फोन आला होता त्यांचा. तुमच्या जिन्यात बसल्यात, ठणठणीत.
आई पायरीवर बसून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. मग शेजारणीला विचारलं, परतीची बस किती वाजता?
मी म्हटलं, आई, गाडी आहे ना.
"आहे की. तू ये तिच्यातून."

संध्या. ६.४०
आई आणि बायको दोनच्या बसने गेल्या. मी बसच्या मागोमागच होतो, पण वाटेत एक शॉर्टकट दिसला.
आत्ता बायकोचा फोन आला. पोहोचल्या. मागे आई आणि मावशी एकाच वेळी बोलत होत्या, एकाच वेळी हसत होत्या, एकही शब्द कळत नव्हता. जेवायला थांबू का, बायकोने विचारलं. म्हटलं, सुरू करा.
अकरा वर्षांनी दोघी बहिणींची भेट झाली. घडवली कोणी? मीच.
आता फक्त मी कुठे आहे, तेवढं पेट्रोलपंपावर विचारून येतो.