भिंतीवर आलेली घसरगुंडी मैदानात आणण्याबाबत

प्रति,
मा. यशवंतराव साहेब,
तपासणी अधिकारी, शाळा सुविधा कक्ष,
रायपूर (छत्तीसगड)

विषय : शाळेच्या खर्चफलकावरील ‘फिसलपट्टी – १ नग’ मुलांना मिळणेबाबत.
संदर्भ : आपला दि. १२ जानेवारीचा तपासणी अहवाल (माहिती अधिकारात मिळालेली प्रत). शेरा – ‘फिसलपट्टी उत्तम स्थितीत’.

महोदय,

अर्जदार अच्युत काळमेघ, राहणार भनपुरी, हा ट्रान्सपोर्ट कंपनीत मालाच्या बिल्ट्या (पावत्या) लिहितो. साहेब मराठी आहेत असे कळल्याने अर्ज मराठीत केला आहे. हिंदी प्रत सोबत आहे.

१. सरकारचा पैसा कुठे गेला हे लोकांना कळावे म्हणून आमच्या पाऱ्यातील, म्हणजे मोहल्ल्यातील, सरकारी प्राथमिक शाळेने वर्षभराची खरेदी बाहेरच्या भिंतीवर रंगवली, याचा अर्जदाराला मनापासून आनंद आहे. पोरे येता-जाता भिंत वाचतात. यंदा वाचन चाचणीत शाळा ब्लॉकमध्ये पहिली आली, त्यात भिंतीचा वाटा मोठा आहे.

२. अडचण तिथूनच सुरू झाली. वाचता येऊ लागलेली पोरे वस्तू शोधूही लागली. बादल्या सापडल्या, दऱ्या सापडल्या, घंटा तर रोज वाजतेच. सहाव्या ओळीतली फिसलपट्टी, म्हणजे आपली घसरगुंडी, तेवढी सापडली नाही.

३. अर्जदाराचा कुणावरही संशय नाही. आमच्या धंद्यात माल चुकतो. रायपूरचा माल रायगढला उतरतो आणि आठवड्याने गुपचूप परत येतो. म्हणून अर्जदाराने तीन रविवार भनपुरीची गोदामे पालथी घातली. एक बेवारस झोपाळा मिळाला, घसरगुंडी नाही. आता हमालच रोज विचारतात, “भैया, मिली क्या?”

४. दरम्यान घसरगुंडीवर बसण्यासाठी एक्केचाळीस मुलांनी नंबर लावले आहेत. पहिला नंबर अर्जदाराची मुलगी ईरा हिचा, कारण ती ओळ तिनेच शोधली. ती पाचवीत आहे, एप्रिलअखेर शाळा सोडेल. मधल्या सुट्टीत मुले मैदानात घसरगुंडीसाठी ठेवलेल्या मोकळ्या जागेपुढे रांग लावतात आणि घंटा झाली की शिस्तीत वर्गात जातात. अर्जदाराने हे एकदाच पाहिले. फार वाईट वाटले.

५. गेल्या सोमवारी एक माणूस त्या ओळीवर चुना फिरवायला आला. मुले भिंतीला पाठ टेकून उभी राहिली ती हललीच नाहीत. माणूस बादली घेऊन परत गेला. मुख्याध्यापिका भावना मॅडम त्या वेळी दुसरीकडे पाहत होत्या, याबद्दल त्यांना बोल लावू नये.

सबब विनंती की, ओळ पुसू नये, घसरगुंडी आणावी. आपण ती उत्तम स्थितीत पाहिली आहे. कुठे पाहिली एवढे कळवले तरी अर्जदार कंपनीचा ट्रक घेऊन स्वखर्चाने जाईल.

ता. क. यादी जोडताना ईराने आपले नाव खोडून तिथे ‘बड़े साहब’ लिहिले. काहून, असे अर्जदाराने विचारले, तर म्हणाली, “साहेब आले तवा घसरगुंडी नव्हती ना, बाबा. एकदा बसले म्हंजे खरं लिहता येईन त्यायले.”

घसरगुंडीच्या पत्त्याची वाट पाहणारा,
आपला नम्र,
अच्युत काळमेघ
भनपुरी, दि. ४ मार्च

सोबत :
भिंतीचा फोटो.
मोकळ्या जागेचा फोटो.
हिंदी प्रत.
नंबरांची यादी. (पहिल्या क्रमांकावरची खाडाखोड मुलीच्या हातची आहे, ग्राह्य धरावी.)