मास्तराचा घुंगट

मंगळवार, दिवेलागण. लिंबायत, सुरत.

आज हसू आवरत नाही. माझी नात पूनम इंजिनियर झाली न् लगेच संशोधनाची नोकरी लागली. अंगावर घालायचं श्वासाचं यंत्र बनवतात तिथं. तोंडावर मास्क, कमरेला पट्टा, माणूस खुशाल फिरतो. चौथीपुढं शिकले असते तर नीट लिहिलं असतं, जाऊ दे.

आज समाजाच्या हॉलात जुन्या लूम कामगारांना ते घालून बघायचं होतं. मी मदतीला. रांगेत कोण? लूमवरचा मुकादम, धनराज मास्तर! दम लागून भिंतीला टेकलेला.

आमचे हे लूमवर तोंडाला ओला रुमाल बांधायचे, सुताची धूळ छातीत जाऊ नये म्हणून. हाच मास्तर सगळ्यांसमोर ओरडायचा, "काय रे नवरीबाई, घुंगट कोणासाठी?" लाजून ह्यांनी रुमाल सोडला. पुढं खोकून खोकूनच गेले. रुमाल माझ्या पेटीत आहे.

पूनमला म्हटलं, मास्तरांना मास्क मी बांधते. मास्क चढवला न् कानाशी विचारलं, "काय मास्तर, घुंगट कोणासाठी?"

मान खाली गेली. ओळखलं मेल्यानं! पेढ्याहून गोड वाटलं. मास्कचा पट्टा जरा जास्तच आवळला मी.

"आजी, सैल कर. त्यांना श्वास घेऊ दे."

केला सैल, पोरीच्या यंत्राला कोणी नावं ठेवू नयेत म्हणून. माफ नाही केलं.

मग मास्तर घुंगट घालून हॉलभर चालला, सगळ्यांसमोर. घरी येऊन पेटी उघडली न् रुमालाला सगळं सांगितलं. पट्टा आवळला, ते तर दोनदा सांगितलं.